हिरडी मागं सरलीय, टाळूचा तुकडा लावायचा म्हणतात. कुणी केलंय का?

गूळखडा | १२ ऑगस्ट, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. वय ४३, हायस्कुलात गणित शिकवतो, राहायला शिवाजी पेठेत. विषय दातांचा आहे, तोही लांबलचक. कंटाळा आला तर सोडून द्या.

गेली दोन-तीन वर्षं वरच्या डाव्या सुळ्याला गार पाणी लागलं की कळ थेट डोळ्यापर्यंत जाते. शिवशिवणाऱ्या दातांची ती महागडी पेस्ट लावून दिवस काढले. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर भेळ खाताना मुलीनं फोटो काढला. फोटोत मी हसतोय आणि तो सुळा शेजारच्या दातांपेक्षा एवढा लांब दिसतोय की पोरगी म्हणाली, "पप्पा, पुढच्या गॅदरिंगला राक्षसाचं काम तुम्हीच करा."

मग गेलो दाखवायला. हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई लावून मापं घेतली. सुळ्यावर हिरडी ४ मिलिमीटर मागं गेलीय, त्याच्या मागच्या छोट्या दाढेवर ३, आणि खाली पुढच्या एका दातावर २. वरच्या दोघांवर ग्राफ्ट करूया म्हणाल्या. टाळूच्या आतला थर काढायचा, हिरडीखाली सरकवायचा, हिरडी ओढून टाके घालायचे. खालच्या दाताला सध्या हात लावायचा नाही.

घरी सांगितलं तर आई चुलीपुढनं उठलीच. "टाळूचं कातडं? डोस्क्याचं काढून दातावर लावणार?" तिला तोंडातली टाळू समजावून सांगेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली.

आता माझ्या शंका. हे लावलेलं खरंच टिकतं का, की दोन वर्षांत परत येरे माझ्या मागल्या? टाळूला जखम घेऊन मी दिवसाला पाच-सहा तास बोलू कसा? नाहीच केलं तर दात पडेल का? दोन दातांचे २२ हजार सांगितलेत, ते जास्त आहेत का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. ऐकीव नको.

तांबडा_पांढरा | १२ ऑगस्ट, रात्री ११.०२

सर, मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लई बघितलेत. जित्या माणसाच्या टाळूचं कातडं काढणारे पहिल्यांदाच ऐकतोय. मी बसलो हितंच, जाणकारांनी बोलावं.

पंचगंगाकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

ग्राफ्टबिफ्ट काही नको. तिळाचं तेल, सैंधव आणि हळद एकत्र करून रोज सकाळी बोटानं दहा मिनिटं हिरड्या चोळा. महिन्याभरात जागेवर येतात. आमचे आजोबा ८८ व्या वर्षी दातानं ऊस सोलत, तोंडात ३० दात होते. २२ हजारांत चांगली दुभती शेळी येते.

पेठकरीण | १३ ऑगस्ट, दुपारी ३.२०

सर, मी केलंय. तीन वर्षं झाली. खालच्या पुढच्या दोन दातांना. (मी बाई आहे. "केलो, गेलो" वाचून गोंधळू नका, आमच्या पेठेत बायका असंच बोलतात. हे पुणेकरांसाठी.)

ऐकीव नको म्हणालासा म्हणून खरं ते सांगतो. हिरडी दुखत नाही. दुखते ती टाळू. हिरडीला मी चार दिवसांत विसरलो. टाळू मात्र पंधरा दिवस आठवण करून देत होती. गरम वरणाचा पहिला घास घेतलो आणि डोळ्यांत पाणी. पिझ्झ्यानं टाळू भाजते ना, तसंच, फक्त मोठ्या जागेवर.

माझं जुन्या पद्धतीचं होतं. टाळूची वरची साल सोलून घेतल्यामुळं जखम उघडी. त्यावर डॉक्टरांनी प्लास्टिकची पातळ प्लेट बनवून दिलेली, कवळीसारखी. ती घातली की जेवता येत होतं, बोलताही येत होतं, थोडं बोबडं. सर, तुम्ही माप घेऊन प्लेट आधीच करून मागा. शाळा असलेल्या माणसाला ती पाहिजेच.

दुसऱ्या रात्री टाळूतनं रक्त आलं. उशीवर डाग बघून मी घाबरून गेल्तो. फोन केलो तर म्हणाले, ओली गॉज घडी करून बोटानं गच्च दाबून वीस मिनिटं बसा, मधे मधे उचलून बघू नका. थांबलं. आणि थुंकायचं नाही हो. चूळ भरून पच्‌कन टाकायची सवय आपल्याला. तोंड वाकडं करून आपोआप सांडू द्यायचं. स्ट्रॉनंही काही ओढायचं नाही.

टिकलंय का? टिकलंय. पण रंग जुळला नाही. हिरडीवर फिक्कट गुलाबी ठिगळ दिसतं. खालच्या ओठाआड असतं म्हणून चालतंय. तुमचा सुळा हसताना दिसतो, तेव्हा हे विचारूनच घ्या.

दंतकथा | १४ ऑगस्ट, रात्री ११.१५

सर, मी हिरड्यांचंच काम करते, कोल्हापूरबाहेर. तुमचं तोंड मी बघितलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा.

आधी पंचगंगाकाठकाका. तेलाच्या गुळण्यांशी माझं भांडण नाही. पण मागं सरलेली हिरडी चोळून पुढं येत नाही. नखं-केस वाढतात तशी ती वाढत नाही. जिथं ती आधीच पातळ आहे तिथं दहा मिनिटं मीठ चोळणं म्हणजे फाटक्या धोतराला दगडावर आपटून धुणं. आजोबांची हिरडी जाड असणार. ती मिळाली असेल तर तुम्ही नशीबवान.

दात लांब दिसला की लोकांना वाटतं दात बाहेर आला. दात जागेवरच असतो. हिरडी आणि तिच्याखालचं हाड मागं जातं. सुळ्याचं मूळ ओळीत थोडं पुढं आलेलं असतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं हाड मुळात कांद्याच्या पापुद्र्याएवढं. काहींना तिथं हाडच नसतं, मुळावर थेट हिरडी. त्यावर वर्षानुवर्षं कडक ब्रश आडवा फिरला की व्हायचं ते होतं. सर, तुम्ही उजव्या हाताचे ना? उजव्या हाताच्या माणसाचा जोर बहुतेक वेळा डाव्या सुळ्यापाशीच पडतो.

दुसरं कारण पायोरिया. त्यात दातांमधलं हाडही जातं, आणि ग्राफ्टचं यश तिथंच ठरतं. मिलर यांनी १९८५ मध्ये हिरडी सरण्याचे चार वर्ग पाडले, कैरो यांनी २०११ मध्ये तीन प्रकार मांडले. दोन्हींत बघायची मुख्य गोष्ट एकच: दोन दातांच्या मधलं हाड आणि मधलं हिरडीचं टोक शाबूत आहे का. शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जायची आशा धरता येते. थोडं गेलं असेल तर थोडंच झाकतं. फारच गेलं असेल तर वर कितीही चांगला तुकडा लावा, खचलेल्या भिंतीला गिलावा केल्यासारखं होतं. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझं मधलं हाड कसं आहे?" उत्तर देताना त्या एक्स-रे काढून दाखवतील.

पेठकरीणताईंनी "ठिगळ" हा अगदी नेमका शब्द वापरला. टाळूची साल वरच्या कातडीसकट लावतात ते ठिगळ. घट्ट, टिकाऊ, रंग वेगळा. तुम्हाला सांगितलंय ते अस्तर. टाळूला एक चीर देऊन, दार किलकिलं केल्यागत आतला साधारण एक-दीड मिलिमीटरचा थर काढून घेतात आणि दार परत लावून टाके घालतात. लँगर आणि लँगर यांनी १९८५ मध्ये उघड्या मुळांसाठी ही रीत मांडली. अस्तर आत जातं, वर तुमचीच हिरडी येते, म्हणून रंग जुळतो. टाळूची जखमही झाकलेली राहते, त्यामुळं ताईंइतका त्रास सहसा होत नाही.

नाही केलं तर लगेच दात पडत नाही. निव्वळ ब्रशनं सरलेली हिरडी कित्येकांची वर्षानुवर्षं तशीच राहते. मग करायचं कधी? सरणं वाढत असेल, शिवशिव पेस्टनं थांबत नसेल, उघड्या मुळाला कीड लागत असेल, हिरडी इतकी पातळ झाली असेल की ब्रश लावला की दुखतंय, तारा बसवायच्या असतील, किंवा हसताना खटकत असेल. खटकणं हेही कारणच आहे, त्यात लाजायचं काही नाही.

खर्चावर मी बोलणार नाही. पण परवडत नसेल तर वाठारवरून वारणेकडे जाताना नवे पारगावला डेंटल कॉलेज आहे, सांगलीतही आहेत. तिथं एमडीएसची मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

तांबडा_पांढरा | १४ ऑगस्ट, रात्री ११.३१

ठिगळ आणि अस्तर! डॉक्टर आहात का शिंपी?

संपादक | १५ ऑगस्ट, सकाळी ९.००

खासगी दवाखान्यांची नावं आणि फोन धाग्यावर टाकू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत.

आजरा_घनसाळ | १५ ऑगस्ट, दुपारी १.४५

माझं फेल गेलं. तेही लिहितो, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

दोन वर्षांपूर्वी वरच्या सुळ्याला केलं, तेच अस्तराचं. दिवसाला आठ-दहा सिगरेटी. डॉक्टरांनी आधी विचारलं तेव्हा मी "कधीमधी" म्हणालो. महिनाभर बंद करा म्हणाले, मी दोन दिवस केली. तिसऱ्या दिवशी दुकानामागं जाऊन एक ओढली. मग काय, एकाची चार झाली. आठव्या दिवशी तुकडा राखाडी पडला, वास यायला लागला, टाके काढताना अर्धा हातातच आला. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या बोटांकडं बघितलं. पिवळी बोटं.

आता दात पहिल्यापेक्षा लांब दिसतोय. पैसे गेले ते गेले.

दंतकथा | १५ ऑगस्ट, रात्री १०.०५

घनसाळदादा, एवढं सरळ सहसा कुणी सांगत नाही.

हे का होतं ते सांगते. टाळूतून काढलेल्या तुकड्याला पहिले दोन-तीन दिवस स्वतःचं रक्त नसतं. खालच्या आणि वरच्या हिरडीतून जो पाझर येतो त्यावर तो जगतो. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या आत शिरायला लागतात. उघड्या मुळाच्या बाजूनं तर काहीच मिळत नाही, कारण दाताच्या पृष्ठभागात रक्त नाही. म्हणजे तुकडा उसन्या पाण्यावर जगतोय आणि निकोटीन नेमकं तेच पाणी आटवतं, कारण त्यानं रक्तवाहिन्या आकसतात. म्हणूनच पहिले दिवस ओठ उचलून आरशात बघायचं नसतं. ओठ ओढला की तुकडा हलतो आणि नुकत्या जुळलेल्या वाहिन्या तुटतात. माझे निम्मे पेशंट रोज ओठ उचलून मला फोटो पाठवतात. हात जोडते, नका पाठवू.

तंबाखूवाल्यांची आणखी एक फसगत असते. त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून त्यांना वाटतं हिरडी ठणठणीत आहे.

हुपरीची_चांदी | १६ ऑगस्ट, सकाळी ११.२०

ताई, तंबाखूचं निघालं म्हणून विचारते. माझ्या सासूबाई ६५ च्या. गेली चाळीस वर्षं मिसरी लावतात, सकाळी उठल्या उठल्या आणि दुपारी झोपून उठल्यावर. दात घासायला म्हणून सुरू केली, आता तिच्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. खालच्या पुढच्या चार दातांची मुळं अर्धी उघडी आहेत. त्यांना हा ग्राफ्ट चालेल का? दोन दात हलतात पण.

दंतकथा | १६ ऑगस्ट, रात्री ९.५०

चांदीताई, ग्राफ्ट राहू दे बाजूला. एक काम करा. सासूबाईंचा खालचा ओठ पुढं ओढून उजेडात आतून बघा. जिथं बोटानं मिसरी दाबून ठेवतात तिथं पांढरट, सुरकुतलेला किंवा लालसर डाग दिसतोय का? पंधरा दिवसांत न भरलेली जखम? असेल तर हिरडीआधी ते दाखवा. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. काळी झाली म्हणून ती दंतमंजन होत नाही.

हलणाऱ्या दातांभोवतीचं हाड गेलेलं असणार. आधी खोलवर सफाई, मग पुढचं. वयाचा प्रश्न नाही, ७० च्या माणसालाही ग्राफ्ट करतात. साखर असेल तर तीन महिन्यांची साखर बघून करतात, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत.

हुपरीची_चांदी | १६ ऑगस्ट, रात्री १०.३०

बघितलं. डाव्या बाजूला पांढरं आहे. मला वाटत होतं चुन्यानं झालंय. सोमवारी सीपीआरला, सरकारी दवाखान्यात नेते.

एडिसनचा_पाव्हणा | १७ ऑगस्ट, पहाटे ४.१२

न्यू जर्सीतून लिहितोय, मूळ गाव गारगोटी. इकडे टाळू न कापता करतात. एक तर दान केलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी काढून टाकून उरलेली जाळी वापरतात. दुसरं पिनहोल, कॅलिफोर्नियाच्या डॉ. जॉन चाओ यांची पद्धत, २०१२ मध्ये त्यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. हिरडीच्या वर बारीक भोक पाडायचं, आतून अवजार घालून हिरडी सैल करायची, खाली सरकवायची आणि आत कोलेजनच्या पट्ट्या भरायच्या. टाके नाहीत. बायकोचे सहा दात एका बैठकीत झाले. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला. अजून टाळू कशाला कापता?

दंतकथा | १७ ऑगस्ट, रात्री १०.४०

पाव्हणे, तुमच्या मिसेसचे सहा दात होते. ओळीनं अनेक दात असतील तर टाळू पुरत नाही, तिथं या पद्धतींचा चांगला उपयोग होतो. भारतातही पिनहोल शिकलेले डॉक्टर आहेत. पेशंटचंच रक्त फिरवून त्याचा जेलीसारखा पडदा करून घालतात, तोही प्रकार आता बराच चालतो. डुकराच्या कोलेजनची पट्टीही मिळते. घरात कुणाला चालत नसेल तर आधी विचारून घ्यावं, नंतर वाद नको.

पण सरांचे दोनच दात आहेत आणि हिरडी पातळ. पातळ हिरडी नुसती ओढून आणली तर ती पातळच राहते. तिला जाडी द्यायला स्वतःच्या टाळूच्या थराइतकं भरवशाचं अजून काही नाही, आणि सगळ्यांची तुलना आजही त्याच्याशीच होते. टाळू फुकट आहे, आपली आहे आणि परत भरून येते. काही महिन्यांनी तिथूनच पुन्हा काढताही येतं.

गूळखडा | २० ऑगस्ट, रात्री ९.३०

दंतकथाताई, तुमचा प्रश्न घेऊन परत गेलो. "माझं मधलं हाड कसं आहे?" बाई हसल्या, म्हणाल्या, कुणी पढवून पाठवलंय? एक्स-रे दाखवला. सुळ्याच्या दोन्ही बाजूंचं हाड जागेवर. छोट्या दाढेच्या मागच्या अंगाला थोडं उतरलंय. तिथं पूर्ण झाकलं जाईल असं सांगत नाही, म्हणाल्या.

आणि मग अपमान. "उद्या घरचा ब्रश घेऊन या, माझ्यासमोर दात घासा." ४३ वर्षांचा माणूस, वर्गात पोरं चळचळा कापतात, आणि मी बेसिनपाशी उभा राहून दात घासतोय आणि मागं बाई आणि त्यांची असिस्टंट हाताची घडी घालून. पंधरा सेकंदांत थांबवलं. "सर, हे दात आहेत, पितळेचा तांब्या नाही."

ब्रश दाखवला. दीड महिन्याचा, केस दोन्हीकडं फाकलेले, भर पावसातल्या छत्रीसारखे. वडील शिकवायचे, फेस येईपर्यंत आणि हात दुखेपर्यंत घासायचं. ते पैलवान होते, त्यांचं सगळंच हात दुखेपर्यंत असायचं. मी मुठीत धरून आडवा करवतीसारखा ओढत होतो. उजव्या हातानं, ताईंचा अंदाज बरोबर.

निकाल: दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ऑपरेशन नाही. आधी हात सुधारायचा. मऊ ब्रश, पेन धरतो तसा तीन बोटांत, हिरडीच्या कडेला तिरका लावून जागच्या जागी थरथरवायचा, मग दाताच्या टोकाकडं झटकायचा. दर महिन्याला येऊन दाखवायचं. म्हणाल्या, त्याच हातानं घासणार असाल तर नवीन हिरडीही तुम्ही दोन वर्षांत घासून काढाल, मग माझी मेहनत आणि तुमचे २२ हजार पंचगंगेत.

पंचगंगाकाठ | २१ ऑगस्ट, सकाळी ६.०५

मीही कालपासून आरशात बघतोय. वरचे दोन्ही सुळे लांब वाटतात. वयानं होतंच म्हणा.

पेठकरीण | २१ ऑगस्ट, दुपारी २.००

काका, मीठ चोळायचं बंद करा आधी.

गूळखडा | २२ ऑक्टोबर, रात्री १०.१०

दोन महिने झाले. गंमत म्हणजे पेन धरल्यागत ब्रश धरला की जोर लावताच येत नाही. पहिला आठवडा दात घासल्यासारखंच वाटेना, तोंड चिकट वाटायचं. आता जुना हात आठवला तरी कसंतरी होतं. शिवशिव निम्म्यानं कमी झालीय, ऑपरेशन न करता. मापं तीच आहेत, वाढलेली नाहीत. बाईंना विचारलं, मग आता करायचं कशाला? म्हणाल्या, नका करू, जबरदस्ती नाही, वर्षातनं दोनदा माप घेऊ. दोन दिवस विचार केला. हिरडी फार पातळ आहे, अजून सरू शकते, आणि खरं सांगायचं तर तो फोटो. करतोय. लक्ष्मीपूजन झालं की.

तांबडा_पांढरा | २२ ऑक्टोबर, रात्री १०.२५

सर, दिवाळीत? घरात चकल्या, कडबोळी, चिवडा, आणि तुम्ही तोंडात टाके घालून? ह्याला म्हणतात चणे आहेत तर दात नाहीत.

गूळखडा | १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

झालं. आज सहावा दिवस. फोनवर लिहितोय, कारण बोलायचं नाही आणि घरच्यांना खुणा कळत नाहीत.

सगळ्यात वाईट काय असेल तर टाळूचं इंजेक्शन. बाकी दीड तास नुसतं ओढल्या-ढकलल्याचं कळत होतं. मधे एकदा बाई असिस्टंटला म्हणाल्या, "तुकडा छान मिळाला." कापड दुकानात आल्यागत वाटलं. टाके पाच शून्य आणि सहा शून्य नंबरचे, डोळ्यांच्या पापणीच्या केसाएवढा बारीक दोरा. टाळूलाही टाके आणि वर प्लेट, पेठकरीणताईंच्या सांगण्यावरून आधीच करून घेतलेली. लई उपकार.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सुजून मी एका बाजूनं मारुती. दुखणं गोळीत मावलं. रक्त आलं नाही. तिथं ब्रश दोन आठवडे बंद, त्याऐवजी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या. गुळण्या कसल्या, तोंडात धरून मान हलवायची आणि सांडायचं. त्यानं जिभेची चवच गेली. आईनं केलेली पेज आणि पेंटर लोकांची खळ एकसारखी लागते. चहानं दात काळे पडतात म्हणून चहाही कमी.

खाणं: गार दूध, आंबील, गुरगुट्या भात ताकात कालवून, कुस्करलेलं केळं, गार झालेला शिरा. सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जातो, तेवढीच करमणूक. समोर डब्यात चकल्या. मुलगी कुडुम् कुडुम् आवाज करत मुद्दाम शेजारी बसते. शेजाऱ्यांकडून पांढऱ्या रश्श्याचा डबा आला होता, मिऱ्याच्या वासावरच भात गिळला.

ओठ उचलून बघितलेला नाही. शपथ.

दंतकथा | १० नोव्हेंबर, रात्री १०.३०

शाबास. आता टाके निघेपर्यंत असंच. बोलणं कमी हेच चांगलं, ओठ जितका कमी हलेल तितकं बरं. टाके निघाल्यावर लगेच जुन्या ब्रशकडे वळू नका. अगदी मऊ, ऑपरेशननंतर वापरायचा वेगळा ब्रश मिळतो, तो मागा.

आजरा_घनसाळ | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.००

सर, तुमचं होऊ दे चांगलं. मी ४१ दिवस झाले ओढलेली नाही. सहा महिने पूर्ण झाले की परत विचारायला जाणार, त्याच डॉक्टरांकडं. तोंड दाखवायला लाज वाटते, पण ते तर दाखवावंच लागणार.

हुपरीची_चांदी | २ डिसेंबर, दुपारी १२.१०

ताई, सांगायचं राहिलं. सीपीआरमध्ये डागाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही म्हणाले, पण मिसरी बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या. सासूबाईंनी सगळ्यांसमोर डबी चुलीत टाकली. आठ दिवसांनी दुसरी डबी तुळशीच्या कट्ट्यामागं सापडली. दोनदाची एकदा झालीय. मी भांडत नाही, रोज फक्त ओठ बघते. हलणारा एक दात काढला.

गूळखडा | २० मार्च, रात्री ११.००

साडेचार महिन्यांनी आलोय. उशिराबद्दल माफी, बोर्डाचे पेपर.

आज माप घेतलं. सुळा: ४ होतं, आता उघडं मूळ अर्धा मिलिमीटर. छोटी दाढ: ३ होतं, अजून १ उरलंय. बाईंनी आधी सांगितलं होतं, म्हणून वाईट वाटलं नाही. काहींची हिरडी पुढं वर्षभर आणखी थोडी सरकत येते म्हणाल्या, पण त्यावर आशा लावून बसू नका. रंग जुळलाय. सुरुवातीला जागा फुगलेली दिसायची, गालाखाली कायतरी ठेवल्यागत, ती आता बसलीय. टाळूवर जीभ फिरवली तर एक बारीक रेघ लागते, बास.

दाढेच्या कडेला ब्रशनं खाच पडली होती, ती फिलिंगनं भरली. त्याचे वेगळे पैसे गेले, ते मी २२ हजारांत धरले नव्हते. तुम्ही धरा.

काल बर्फाचा गोळा खाल्ला. डाव्या बाजूनं. काही नाही.

तांबडा_पांढरा | २० मार्च, रात्री ११.०८

आणि तांबडा?

गूळखडा | २० मार्च, रात्री ११.१०

तो डिसेंबरातच. टाके निघून तिसरा आठवडा. बाईंना सांगू नका.

पंचगंगाकाठ | २१ मार्च, सकाळी ६.२०

सर, त्या बाई रविवारी असतात का? नाव नको, फक्त व्यक्तिगत निरोपात भाग सांगा.

पेठकरीण | २१ मार्च, दुपारी १.१५

सर, तुमच्या खालच्या दाताचं काय ठरलं? तो २ वाला?

गूळखडा | २१ मार्च, रात्री ९.४०

खालचा ओठ आतून दातापाशी जोडणारा पडदा असतो ना, तो माझा फार वर चिकटलाय म्हणे, ओठ हलला की हिरडी ओढतो. वाढायला लागलं तर तो पडदा सोडवून तिथं ठिगळच लावायचं, तुमच्यासारखं. अस्तर तिथं कामाचं नाही, घट्ट कातडी पाहिजे. दोन वर्षांपूर्वीचं माप नसल्यानं वाढतंय की नाही हे कळायला मार्ग नाही. ऑगस्टचं आहे ते पहिलं. आजही २ च भरलं. पुढचं माप सप्टेंबरात.